खिडकी नसलेली पोकळी

४ मार्च
आलो एकदाचे नव्या घरी! चिंगी, माझी सहा वर्षांची लेक, घरात शिरताच सगळ्या भिंतींवर टकटक करून आली. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधली भिंत पोकळ वाजते. घरमालक म्हणाले, नळांसाठी जागा सोडली होती, मग नळ बाहेरून नेले आणि ती चहूबाजूंनी बंद झाली. एवढी जागा फुकट गेली म्हणून ते अजून हळहळतात. त्यांचं ठोक्यांचं घड्याळ मात्र आम्हाला फुकट मिळालं.

६ मार्च
नोकरीचा पहिला दिवस. झिओलाइट नावाच्या खनिजात डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या असतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यांत अडकतो, नायट्रोजन निसटतो. कुठलं खनिज किती वायू धरेल, ते आम्ही संगणकावर बघतो. गंमत म्हणजे संगणक रेणूला वाटेने नेतच नाही. फासे टाकावेत तसा कुठेही ठेवून बघतो. मावला तर राहू देतो. कधी आतला एखादा उचलून बाहेर काढतो. त्यामुळे जिला खिडकीच नाही अशी पोकळीही भरते. खरा वायू तिथे शिरूच शकत नाही, म्हणून अशा पोकळ्यांना संगणकात आधी बूच घालायचं, असं गटप्रमुख बाईंनी बजावलं. मग तिथे काही जात नाही, आणि आतलं निघतही नाही.

११ मार्च
माझं खनिज वायू अधाशासारखं पितंय. बाई खूश, मी तर हवेतच!
चिंगीचा चेंडू हरवला. दारं-खिडक्या बंद असताना गेला कुठे, कोण जाणे.

१२ मार्च
चेंडू भिंतीच्या आत घरंगळतोय. चिंगी खदखदून हसली. मला हसू आलं नाही.

१३ मार्च
घोडचूक! घर लावायच्या धांदलीत बूच घालायचंच राहिलं. बंद पोकळ्या खच्चून भरल्यात, म्हणून आकडे फुगले. आज बाईंना सांगायचा धीर झाला नाही. संगणक चालूच आहे.

१४ मार्च, सकाळ
चिंगी दात घासत होती. मी टॉवेल घ्यायला वळले आणि ती नाही. ब्रश खाली पडलेला. दाराला आतून कडी.
भिंतीतून हाक आली. आई, इथे अंधार आहे.

दुपार
गवंडी आला. वीट काढली की मागे वीट, तिच्यामागे पुन्हा वीट. त्यानेही हाक ऐकली. अवजारं टाकून पळाला.
बाईंचा फोन. त्यांना चूक सापडली. पाच वाजता स्वतः बूच घालणार. मी रडून सांगितलं, नका घालू, संगणक तिला कधीतरी बाहेर काढेल. त्यांना वाटलं, मी चूक झाकतेय. फोन ठेवला. पुन्हा उचलत नाहीत.

चार वाजून गेले
भिंतीला टेकून लिहितेय. मी इथेच आहे गं, म्हणत राहते. तिचा आवाज बारीक होत चाल—

अंधार. वही हातात आहे. पायाला चेंडू लागला.
चिंगी! घट्ट धरलंय तिला. तोंडाला अजून टूथपेस्टचा वास. दार नाही. कुठेच—

आत्ता कुशीत होती.

बाहेर आहे! पलीकडून हाका मारतेय. आई, तू कुठे आहेस?
सुटली पोर. सुटली.
मी इथेच आहे गं—
आता एकच फासा, माझ्यासाठी, तेवढा एक—
घड्याळ. एक. दोन. तीन. चार—