काकांच्या झाडाच्या जाड कळ्या

रविवार, एप्रिल. रायस्वाइक, नेदरलँड्स

मुद्दाम उलटं सांगितलं मी. हिवाळ्यात शेजारचे डच आजोबा जोशीकाकांना म्हणत होते, "सफरचंदाच्या जाड कळ्या कापू नका, फुलं त्यांनाच येतात." काकांना डच येत नाही. मी म्हटलं, "त्याच कापा म्हणतायत." काकांनी एकूण एक कापली. मला हसू आवरेना.

आज सगळ्यांची सफरचंदं फुललीत, काकांचं बोडकं. गेल्या वर्षी वारलेल्या काकूंनी लावलेलं झाड. "थंडी वाजत असेल रे त्याला," म्हणत काकांनी काकूंची शाल खोडाला गुंडाळली. मी म्हटलं, "एकीने काय होणार?" तर दुसरीपण आणली.

का बोललो असं? त्या जाड कळ्या...

"डच समजावलंस ना, पहिलं सफरचंद तुलाच," म्हणाले. डायरी, तू कुणाला सांगू नकोस हां, प्लीज.