वरून शोधताना

कॉव्हेंट्री
१३ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
धाकट्या उदयचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि तू उगाच हो-हो म्हणत राहतेस, म्हणून हे पत्र. आम्ही दोघं ठीक. अलकाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बाग काही सोडत नाही.

मी मात्र दमलोय. जवळच्या गावातले हॅरी नावाचे निवृत्त पोस्टमन रविवारी सकाळी घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. वय एकाहत्तर, आणि अलीकडे घरचा रस्ताही आठवत नसे. पोलिसांचं हेलिकॉप्टर दुसरीकडे अडकलेलं, म्हणून त्यांनी आमच्या ग्रुपला विचारलं. माझ्यासारखे हौशी वैमानिक आपापली छोटी विमानं घेऊन अशा वेळी मदतीला जातात, हे तुला ठाऊक आहेच. विमान मी चालवतो आणि शेजारी बसून तनिषा खाली बघते. ती शाळेत गणित शिकवते. सध्या हाफ टर्मची सुट्टी, म्हणून मोकळी.

दोन दिवस कालवा, शेतं, झुडपं पट्ट्यापट्ट्यानं पाहिली. ढग इतके खाली की सारखं परत फिरावं लागलं. मान आखडलीय, डोळे चुरचुरतात. घरी आलो तर अलकानं काही न विचारता ताट वाढलं. इतक्या वर्षांत ती तोंड बघूनच ओळखते. उद्या हवा उघडली तर पुन्हा जाईन.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या थकलेल्या भावावर जरा जास्त असू दे.

तुझा
उदय


ग्लासगो
१७ फेब्रुवारी २०२४

चि. उदयास,
सुप्रभाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून डॉक्टरचंच आहे. दोन ओळी ह्यांच्याकडून वाचून घेतल्या. जन्मभर लोकांना भूल देऊन झोपवलंस आणि आता स्वतःला झोप नाही, असं अलका कळवते. सदुसष्टाव्या वर्षी हे कोणी सांगितलंय तुला? रिटायर झालेली माणसं गोल्फ खेळतात म्हणे.

पण ते हॅरी सापडले का, ते आधी कळव. परवापासून तेच डोक्यात आहे. अशी माणसं निघतात तेव्हा कुठल्या दिशेला जातात रे? घरच्यांना काही चाहूल लागते का?

इथे सगळं नेहमीसारखं. मान शेकत जा. आशीर्वाद आहेतच, पण पत्राला उशीर केलास तर रागही आहे.

तुझी
ताई


कॉव्हेंट्री
३ मार्च २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. लिहवत नव्हतं.

हॅरी सापडले. तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ढग वर गेले आणि एका शेताच्या कडेला, कुंपणाच्या झुडपांपाशी, मला नारिंगी ठिपका दिसला. तनिषानं दुर्बीण लावली आणि पोलिसांना जागा कळवली. आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. एक तरुण कॉन्स्टेबल चिखलातून धावत गेला, वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उभा राहून त्यानं टोपी काढली. तेवढ्यावरून कळलं. मी विमान उतरवलं आणि ग्रुपच्या को-ऑर्डिनेटरला सांगितलं की आता यादीतून माझं नाव काढा. ऑपरेशन थिएटरमध्ये माणूस निदान हाताशी असायचा, ताई. इथे वरून नुसतं बघायचं, आणि बहुतेकदा उशिराच.

काल हॅरींची बायको मुलीला घेऊन एअरफील्डवर आली. बाईंना, ज्यानं पाहिलं त्यालाच भेटायचं होतं. हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना सांगायची सगळी वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, तुम्हाला नेमकं काय दिसलं? खोटं बोलवेना. म्हटलं, फक्त जॅकेटचा रंग दिसला, बाकी काही नाही.

त्या म्हणाल्या, “मीच घेतलं होतं ते. त्यांना मुळीच आवडायचं नाही. पण लांबून दिसावं म्हणून घेतलं.”

मी म्हटलं, “लांबून दिसलं.”

त्यांनी माझी बाही धरली, बराच वेळ. नंतर चहा घेतला आणि गेल्या. माझं नाव काढायचं की ठेवायचं, को-ऑर्डिनेटरनं परत विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही. खरंच थकलोय गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
उदय


ग्लासगो
८ मार्च २०२४

चि. उदयास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, या वेळी एकटीनं.

तुला सांगितलं नव्हतं. डिसेंबरपासून ह्यांचंही तसंच सुरू झालंय. परवा दूध आणायला गेले आणि शेजारची मालविका त्यांना बस स्टेशनवरून घेऊन आली. आपण पुण्याला निघालोय, असं तिला सांगत होते. शशिधर म्हटलं की कोणाचंही नाव, पत्ता, फोन नंबर पाठ असलेला माणूस. तूच कौतुक करायचास. तुला कळवलं असतं तर खरं झालं असतं, असं वाटत होतं.

उडायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी आता नको म्हणणार नाही.

काल ह्यांना दुकानात नेलं आणि पिवळंधमक जॅकेट घेतलं. कौन्सिलचा रस्ते झाडणारा दिसतो म्हणून रुसलेत, पण आज सकाळी घालून बसले आहेत. तू आणि अलका ट्रेननं या. स्टेशनवर आम्ही येऊ. ह्यांना ओळखायला तुला त्रास पडणार नाही.

वाट बघते.

तुझी
ताई