बगदादची चकती

प्रिय माहबानू,

मुलगी झाली आणि तू सुखरूप आहेस, हे निशापूरच्या काफिल्याबरोबर आलेल्या तुझ्या चिठ्ठीने काल कळलं. पहिली ओळ वाचूनच मी भर बाजारात मटकन खाली बसलो. खरबूजवाल्याला वाटलं, म्हातारा आटोपला! त्याने तोंडावर पाणी मारलं, वर अर्धं खरबूज खाऊ घातलं. किती वर्षांनी जिभेला चव आली गं पोरी!

तू सारखी विचारायचीस, बाबा, चांगली चांगली स्थळं का परत पाठवता? शेवटी काकाने पुढे होऊन तुझा निकाह लावला, तेव्हाही मी दार लावून घरात बसलो. सगळ्या रय शहरात बोभाटा झाला की ज्योतिषीबुवांना जावई पसंत नाही. जावई लाखात एक आहे. पण तुझ्या जन्माच्या दिवशीच मी कुंडली मांडली होती, आणि पहिल्या बाळंतपणात तू जाणार असं तिच्यात निघालं होतं. तुझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही. एकट्यानेच झुरत राहिलो.

काल घरी येऊन आधी ती कुंडली काढली. आम्हा ज्योतिष्यांची खोडच ती. ग्रह चुकत नाहीत, आपण चुकतो! आणि सापडली की चूक. तारे मोजायच्या पितळी यंत्रात ज्या त्या शहराची वेगळी चकती बसवावी लागते. मी तेव्हा नुकताच बगदादहून आलो होतो, आणि आकडे सगळे तिथल्याच चकतीचे होते. आनंदाने रयची चकती घालून पुन्हा मांडली. तर मंगळ मृत्युस्थानात आणखीच पाय पसरून बसलेला!

तसाच बिश्रकडे धावलो. आपला शेजारी, तत्त्वज्ञान शिकवणारा. तारे माणसाचं नशीब लिहीत नाहीत म्हणून वीस वर्षं माझ्याशी भांडतोय. कागद बघून म्हणाला, "अरे गाढवा, पोरगी तिकडे बाळाला पाजतेय आणि तू इथे मंगळाला विचारत बसलायस?" मला आधी हसू फुटलं, मग रडू. वादात हरून इतकं हलकं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. कुंडली मांडा म्हणून तू चिठ्ठीच्या शेवटी बाळाची जन्मवेळ कळवली आहेस. 'जन्मवेळ' एवढाच शब्द वाचला आणि पुढच्या ओळीवर दौत उपडी केली. रागावू नकोस. मी कितीही हट्ट केला तरी ती वेळ मला सांगू नकोस. नातीला मांडीवर घ्यायला परवाच्या काफिल्याबरोबर निघतोय. मुहूर्त पाहिलेला नाही.

तुझाच,
बाबा