आठ तास कुणी हात लावायचा नाही

मी, वेंग त्साय-श्या, दिवंगत हौ तुंग-ली यांची पत्नी, वय वर्षे सत्त्याहत्तर, व्यवसाय मेंदूची शस्त्रक्रिया, सध्या निवृत्त, राहणार ताइनान शहर, जुन्या कालव्याजवळ, ल्वो बाईंच्या पेजेच्या दुकानावर तिसरा मजला, आज माझे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे. वकील श्री. त्सेंग ते लिहून घेत आहेत आणि ते स्वतः एक साक्षीदार आहेत. दुसऱ्या खालच्या ल्वो बाई. तिसरे डॉ. शिह, ज्यांनी माझ्या शस्त्रक्रियांमध्ये सारा जन्म रोग्यांना भूल दिली आणि मला वैताग दिला. मी बोलेन ते जसेच्या तसे लिहायचे, ‘कायद्याच्या भाषेत बसत नाही’ म्हणून काही गाळायचे नाही, अशी अट मी घातली आहे. श्री. त्सेंग यांनी ती मान्य केली, पण तोंड वाकडे केले. तेही लिहा.

‘मी पूर्ण शुद्धीत असून’ हे वाक्य श्री. त्सेंग घरूनच लिहून आले होते. इथे आल्यावर त्यांना शंका सुचली. मला कंपवात आहे. माझ्या मेंदूत दोन तारा बसवलेल्या आहेत, छातीत कातड्याखाली बॅटरी आहे, आणि त्या विजेवर मी हिंडते-फिरते, बोलते. उद्या कुणी कोर्टात म्हणालं की हे मृत्युपत्र बाईंनी नाही, यंत्राने केलं, तर? म्हणाले, “डॉक्टर वेंग, तेवढ्यापुरतं यंत्र बंद ठेवता येईल का?” म्हटलं, ठेवा की. मग माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही आणि तुम्ही कोरा कागद घेऊन घरी जाल. शेवटी डॉ. शिह यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी शेवटपर्यंत बरोबर आले, मधे तेच एकदा चुकले. तेव्हा मी शुद्धीत आहे असं लिहा. त्यांच्याबद्दल काही लिहू नका.

कलम पहिले. वर लिहिलेले राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी माझी सून यू पेई-लिंग हिला देत आहे. मुलाला नव्हे, सुनेला. गेली सहा वर्षं मला भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री कूस बदलून देणं हे तिने केलं आहे, आणि माझी बोलणीही तिनेच खाल्ली आहेत. या देणगीला कोणतीही अट नाही. हे वाक्य पुन्हा लिहा आणि खाली रेघ मारा. कारण खाली पाचव्या कलमात मला तिची एक सही हवी आहे, आणि डॉ. शिह मला मघाशी स्वयंपाकघरात कानात सांगत होते, “त्साय-श्या, वेडी आहेस का? घर सहीला बांधून टाक. सही दिली तर घर, नाही तर नाही. झटक्यात काम होईल.” घराची लालूच दाखवून घेतलेली सही ती सही नव्हे. माझ्या टेबलावर आलेला एकही रोगी मी असा आणला नाही, आणि म्हातारपणी ही अक्कल मला शिकायची नाही.

कलम दुसरे. बँकेतल्या सर्व ठेवी माझा एकुलता एक मुलगा हौ वेन-च्ये याला. तोही डॉक्टर आहे. तैपेईला चकचकीत दवाखान्यात बसतो आणि लोकांच्या तोंडावरचे डाग घालवतो. मी तरुणपणी मेंदूच्या विभागात अर्ज केला तेव्हा तिथल्या प्रमुखांनी माझ्या हातांकडे बघून सांगितलं होतं, “पोरी, एवढेसे हात घेऊन कवटी उघडणार? त्वचेचं घे. संध्याकाळी पाचला घरी जाशील, लग्न टिकेल.” मी नाही गेले. त्या माणसाशी भांडले, विभागात माझ्या मापाचे हातमोजे मिळत नव्हते तर पदरच्या पैशांनी आणले, पण गेले नाही. आणि शेवटी माझाच मुलगा त्वचेत गेला आणि पाचला घरी जातो! आता याला काय म्हणावं? तो सुखी आहे, ही त्याची बाजू. मला ती अजून पटलेली नाही.

कलम तिसरे. माझे सूक्ष्म शस्त्रक्रियेचे चिमटे, कात्र्या आणि डोळ्यांवर लावायचं भिंग विभागात ज्या मुलीचे हात लहान असतील तिला द्यावं. मुलगी नसेल तर ती येईपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवावं. मुलाखतीत तिला लग्नाबद्दल विचारणाऱ्या माणसाच्या हाती यातली एकही वस्तू पडू नये. वरील प्रमुखांनी निवृत्तीच्या वेळी मला दिलेला त्यांचा स्वतःचा तसबिरीतला फोटो डॉ. शिह यांना. त्यांना तो नको आहे, म्हणूनच देत आहे.

कलम चौथे. छातीतली बॅटरी जाळण्याआधी आठवणीने काढावी. विद्युतदाहिनीत ती फुटते, आणि मेल्यावरही वेंगबाईंनी आवाज केला, असं लोकांना म्हणायला मिळायला नको.

कलम पाचवे. माझा मेंदू.

ल्वो बाईंसाठी सोप्या शब्दांत सांगते, कारण साक्षीदाराला कळायला हवं असं कायदा म्हणतो. दोन तारा घातल्यावर माझा डावा हात शांत झाला. उजवा झाला नाही. उजव्या हाताची जी तार होती तीही ठरल्या जागी बसली होती. मी स्वतः जागी होते आणि टेबलावरून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना चुका दाखवत होते. तरी उजवा हात थरथरतोच, म्हणूनच आज मला लेखनिक लागतो. माझ्यासारखे आणखी रोगी आहेत. त्यातला एक आनपिंगचा कोळी आहे, त्याला जाळं विणता येत नाही, तो दर तपासणीला रांगेत मला विचारतो, “डॉक्टरीणबाई, माझ्या या हाताचं घोडं कुठं अडलं?” मला सांगता येत नाही. डोक्यात धातू असल्यामुळे फोटोत तेवढीच जागा काळी येते. उत्तर माझ्या डोक्यात आहे आणि डोकं उघडल्याशिवाय ते मिळणार नाही. विद्यापीठातल्या मेंदूच्या प्रयोगशाळेत डॉ. च्येन नावाची मुलगी हेच काम करते. ती म्हणते, बाई, मेंदू चार तासांत माझ्या हातात आला तर तार जिथे शिरते तिथल्या पेशी मला वाचता येतील. नंतर त्या विरघळतात, आणि मग मी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच असेल.

आणि आमच्या पेई-लिंगचं म्हणणं, आठ तास.

माणूस गेल्यावर आठ तास त्याला कुणी हात लावायचा नाही, कपडे बदलायचे नाहीत, शेजारी बसून अमिताभ बुद्धाचा जप करायचा. जाणीव अंगातून हळूहळू निघते, तोवर नुसतं बोट लागलं तरी त्या जिवाला असह्य दुखतं, असं तिच्या जपाच्या मंडळात सांगतात. पेई-लिंग त्या मंडळाची पुढारीण आहे. पेठेत कुठेही कुणी गेलं की ही आपली छोटी घंटा घेऊन हजर. मी दोन वर्षं तिच्यापुढे डोकं फोडते आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी! एकदा म्हटलं, अगं, तू स्वतः मासा खात नाहीस, पण सुटीला तैपेईहून येणाऱ्या नवऱ्यासाठी घेताना कल्ले उघडून बघतेस ना? आठ तास उन्हात ठेवलेला घेशील? तर म्हणाली, “आई, मासा मेल्यावर त्याला कुणी आई म्हणत नाही.” कपाळ माझं!

मी जागेपणीच्या शस्त्रक्रिया शेकड्यांनी केल्या आहेत. कवटी उघडी, रोगी माझ्याशी गप्पा मारतोय, मी मेंदूला स्पर्श करतेय. मेंदूला दुखत नाही, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की ल्वो बाईंनाही खाली ऐकू गेलं. “मग कातड्याला?” “तिथे सुई देतो.” “मेल्यावर सुई चढते का, आई?” आहे की नाही वकिलाची जात?

वेन-च्येला फोन करून म्हटलं, तू माझा मुलगा, मेंदू देण्याच्या संमतीपत्रावर तूच सही कर आणि मोकळा हो. तो म्हणतो, “आई, कायद्याने मी करू शकतो, पण त्या वेळी घरात ती असणार. दाराशी आडवी पडली तर मी काय बायकोला ओलांडून तुला नेऊ? तिला विचार.” प्रयोगशाळेचाही नियम तोच. घरातलं एक माणूस नको म्हणालं, तरी ते न्यायला आलेली गाडी रिकामी परत नेतात. मी कितीही मृत्युपत्रं केली तरी मेलेल्या माणसाचा हुकूम चालत नाही. जन्मभर ज्या खोलीत गेले तिथे माझा शब्द चालला, आणि आता स्वतःच्याच डोक्यावर माझी सत्ता नाही!

एक गोष्ट न्यायाने लिहायला हवी. पेई-लिंगचा हा हट्ट पोथीतून आलेला नाही. तिची आई इस्पितळात वारली तेव्हा खाट रिकामी हवी होती, लगेच उचललं. पेई-लिंग म्हणते, उचलताना आईच्या कपाळावर आठी पडली, ती शवपेटीचं झाकण लावेपर्यंत गेली नाही. मी एकदा जेवताना तिला समजावलं की तो स्नायूंचा ताठरपणा असतो. ती उठून गेली, आणि चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. स्नायूंबद्दल मी बरोबरच होते. पण जेवताना बोलायची ती गोष्ट नव्हती.

म्हणून या कलमाचा हुकूम असा: माझ्या मेंदूबद्दल काय करायचं हे पेई-लिंगने ठरवावं. ती आठ तास म्हणाली तर आठ तास. गाडी परत जाईल, डॉ. च्येन रडेल, आनपिंगच्या कोळ्याला उत्तर मिळणार नाही, आणि मी जिवंत असते तर थयथयाट केला असता. पण पुढे ही आठवण बाळगून राहणारी ती आहे, मी नाही. संमतीशिवाय मी आजवर कुणावर सुरी धरली नाही. तिच्या मनावरही धरणार नाही.

थांबा. पुढे लिहा, ती आली आहे. पेरूच्या फोडी घेऊन आली आहे आणि दारात उभी राहून सगळं ऐकते आहे. वकीलसाहेब म्हणतात, हे मृत्युपत्रात येत नाही. येतं. लिहा.

मी म्हटलं, “ऐकलंस ना? आता तरी सुटलीस.”

ती म्हणाली, “सुटले कसली? सगळं माझ्या गळ्यात घातलंत.” फोडींची बशी तिने ल्वो बाईंच्या मांडीवर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. “आई, एकच विचारते. शपथेवर सांगा. मेल्यावर दुखत नाही, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?”

डॉ. शिह मागून मला हाताने खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. असे नातेवाईक मी जन्मभर पाहिले आहेत. त्यांना ‘हो’ ऐकायचं असतं आणि आम्ही ते देऊन टाकतो.

मी म्हटलं, “नाही. माहीत नाही. जिवंत मेंदूला दुखत नाही, हे माहीत आहे. माणूस गेल्यावरही दुखत नसणार असं मला वाटतं, अगदी ठाम वाटतं. पण परत येऊन सांगणारा रोगी मला भेटलेला नाही. वाटणं वेगळं, माहीत असणं वेगळं.”

डॉ. शिह यांनी कपाळाला हात लावला. “घालवलास! तोंडाशी आलेला घास घालवलास, बाई!”

पेई-लिंगने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, “या घरात आल्यापासून तुमच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द मी ऐकले नव्हते. भात किती शिजवायचा इथपासून तुम्हाला सगळं माहीत. आत्ता तुम्ही ‘नाहीच दुखत’ म्हणाला असतात ना, तर मी सही केली नसती. आईच्या वेळी तिथली नर्स तसंच म्हणाली होती, माझ्याकडे न बघता.” आणि श्री. त्सेंग यांना म्हणाली, “कागद कुठंय?”

कागद आला. तिने तो सावकाश वाचला आणि सही केली, स्वतःच्या नावाचा लाल शिक्काही उठवला. मग तिच्या अटी सुरू झाल्या. मी त्या इथे लिहवून घेते, त्या माझ्याही अटी समजाव्यात. ती गाडीत माझ्याबरोबर येईल. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत, लागेल तो अंगरखा आणि टोपी घालून, माझ्या पायांशी बसेल. जप थांबणार नाही. डॉ. च्येनने काम करावं, पण हळू, आणि हात लावण्याआधी मला सांगून लावावा, जिवंत माणसाला सांगतात तसं. डॉ. च्येनला हे विचित्र वाटलं तर वाटू दे. मी सगळ्या अटी मान्य केल्या. म्हटलं, अजून काही?

“अजून एक. आई, दुखलंच तर मला सांगा. मी तिथल्या तिथे थांबवते.”

म्हटलं, “अगं बाई, मी मेलेली असणार! कशी सांगू?”

“तुम्ही सांगाल,” ती म्हणाली. “तुम्ही कधी गप्प बसल्या आहात?”

ल्वो बाई हसल्या, मग रडल्या. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. मी डाव्या हाताने पेरूची एक फोड उचलून पेई-लिंगच्या हातात दिली, हेही लिहून ठेवा.

वरील सर्व मजकूर श्री. त्सेंग यांनी मला व साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, समजावून सांगितला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. याआधी केलेले कुठलेही लिखाण यापुढे मानू नये. उजव्या हाताने सही होत नसल्यामुळे सर्वांच्या देखत अंगठा उठवला आहे.

वेंग त्साय-श्या (अंगठा)

साक्षीदार व लेखनिक: त्सेंग क्वो-हान, वकील (सही)

साक्षीदार: ल्वो चिन-मेई, पेजेचे दुकान, तळमजला (सही)

साक्षीदार: डॉ. शिह योंग-फू, भूलतज्ज्ञ, निवृत्त (सही. तसबीर घेणार नाही.)

ठिकाण: ताइनान
दिनांक: प्रजासत्ताकाचे वर्ष एकशे तेरा (इसवी सन दोन हजार चोवीस), अकरावा महिना, नऊ तारीख