दादांचा पाय

दादा,

आज आमच्या वॉर्डातून शेवगावच्या एका आजोबांना घरी सोडलं. तुम्हाला झाला होता तोच आजार, कातडीखालचं मांस सडवत वर वर चढणारा. वय सत्तरीच्या पुढं, अंगात साखर, आले तेही चौथ्या दिवशी. तरी वाचले. गेल्या महिन्यात एक धडधाकट बाई पहिल्याच दिवशी आली, लगेच ऑपरेशन झालं, आणि ती गेली. सर्जन सांगतात, वय बघा, साखर बघा, किडनी बघा, पण सगळ्यात आधी वेळ बघा. सडलेलं जितकं लवकर काढाल तितकी माणूस जगायची आशा जास्त. नव्या नर्सना मी, तुमची लेक, हेच शिकवते. तुमच्यापाशी आले की मात्र मला काहीच उमगत नाही.

त्या वर्षी आपल्या अकोले तालुक्यात भाताची लावणी चालली होती. कुंपणाची काटकी तुमच्या नडगीला लागली, नखाएवढं खरचटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसून कण्हताय. "लई ठणकतंय गं." मी बघते, तर वर नुसती लाली. "एवढ्याशाला काय करता, दादा?" म्हणते आणि भाकरी थापायला आत जाते. जखमेच्या मानानं दुखणं फार असेल तर तीच धोक्याची खूण, हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं? तिसऱ्या दिवशी पाय काळानिळा पडला, फोड आले, तुम्ही तापानं बरळू लागलात. मग जीप करून नगरला आणलं.

डॉक्टर म्हणाले, मांडीपासून पाय काढावा लागेल, तरी खात्री नाही. तेवढ्यापुरते तुम्ही भानावर आलात, माझं मनगट धरलंत. "काढू देऊ नको. एका पायानं चिखलात कसा उतरू मी?" मी थांबले. संध्याकाळी तुमची शुद्ध हरपली तेव्हा सही केली. ती दुपार मी तुमच्या शब्दाखातर घालवली की माझ्याच भीतीपायी? लगेच सही केली असती तर वाचला असतात, की वाचून जन्मभर माझ्याशी अबोला धरला असतात? दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नाही. ऑपरेशननंतर तुम्ही एकदा डोळे उघडले होते. "आंगठा दुखतोय गं," म्हणालात. "पाय हाय ना माजा?"

"हाय, दादा," मी म्हणाले, आणि पाय नव्हता तिथली चादर चेपत बसले.