वाट्याचा उजेड

चिचटोली, ता. कारंजा (घाडगे)
दि. ४ ऑगस्ट २०२४

आदरणीय जिजाबाई विहीणबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. दवाखान्यात नातीले पाहून आल्यापासून डोळे मिटले की तिचंच तोंड दिसते. गुंजनचे बाबा तं वावरात उभ्या उभ्या हसत राह्यते, अन् विचारलं तं म्हणते काई नाई.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरचं असते, पण तुम्ही नर्सबाई, म्हणून मी तवा काई बोलली नाई. आता सव्वा महिना तरी माही लेक गुंजन अन् नात माह्या घरी पाठवा. चिचटोलीत अंधार राह्यते म्हणून तुम्ही नाई म्हणत होत्या. तो अंधार गेला, बाई! शाळेमागच्या पडीत जागेवर सोलरच्या प्लेटा बसल्या. दिवसा बॅटऱ्या भरते, सांजेले तारेतून घरोघरी लाईट. लाईटच्या समितीत मी आहो. सगळ्यायले वाटा सारखा, कोणाचं घर लाडाचं नाई, हा नियम माहाच. मोबाईलचा टॉवर मात्र अजून डोंगरापलीकडेच, म्हणून हे पत्र.

दिवे लागले की मी आंगणात उभी राह्यते. डोंगरावरून धुकं उतरते, अन् त्यात एकेक खिडकी पिवळी होत जाते. मी जागी आहो का निजली, तेच कळत नाई. माह्या लेकीचं सारं लहानपण चिमणीच्या धुरात गेलं, तिनं हे एकदा पाह्यलं पाहिजे.

नातीले पापा. लोभ आहेच, पण या वेळी जरा जास्त दाखवा.

तुमची,
तानाबाई


सिंदी मेघे, वर्धा
दि. ९ ऑगस्ट २०२४

प्रिय तानाबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. बाळ-बाळंतीण बरी. बाळ दिवसा झोपते अन् रात्री गोंधळ घालते, म्हणजे आजीवर गेलं. कोणत्या आजीवर, ते तुम्हीच ठरवा.

तुमची चिचटोली मी विसरली नाई. लग्न ठरवायले आली तवा अंधारात खाट समजून शेळीवर बसली होती. शेळी पळाली, मी पडली, अन् तुम्ही पदरात तोंड घालून हसल्या. दिसलं नाई, पण ऐकू आलं!

गंमत राहू द्या. लेकराचा रंग बदलला तं तो उजेडातच दिसते, हे मी जन्मभर वॉर्डात शिकली. म्हणून अंधाराले भिते. पण गुंजन तुमचं पत्र उशाखाली घेऊन झोपते, तेही मले दिसते. पाठवते दोघींना. अट एकच. रात्रभर खोलीत दिवा पाहिजे अन् पंखा फिरता पाहिजे. एक रात्र जरी अंधार झाला तं मी येईन अन् दोघींना घेऊन जाईन. मग रडायचं नाई.

हट्टी आहो, पण आजी आहो. राग आला तरी चालेल, लोभाहून कमी असू द्या.

तुमची,
जिजा


चिचटोली
दि. २ सप्टेंबर २०२४

आदरणीय जिजाबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दोघी मजेत आहेत. नात पंखा पाहत राह्यते. पाती फिरते, तिचे डोळे फिरते, अन् मग हळूच मिटते. गुंजन लहानपणी निजे तशीच गालाखाली हात घेऊन निजते. मी दोघींजवळ बसून राह्यते, अन् मले उगाच वाटते की हे सारं मी आधी कधी सपनात पाह्यलं आहे.

पण तुमच्यापासून लपवणार नाई. ढग असे बसले की डोंगरच दिसत नाई. प्लेटायले ऊन नाई. मागच्या झडीत बॅटऱ्या जेवणाच्या आधीच बसल्या होत्या अन् सारी टोली अंधारात जेवली. म्हणून या वेळी पहिल्या दिवशीच मी जुनी चिमणी पुसून ठेवली. नियम मी केला, आता माह्याच घरासाठी जास्तीची लाईट कोणत्या तोंडानं मागू? नाई मागितली. बल्बाकडे पाहत बसली. पण तो गेलाच नाई! दुसऱ्या दिवशीही नाई. अजूनपर्यंत पंखा एकदाही थांबला नाई. मी सांज झाली की खोलीबाहेर पाय ठेवत नाई, गुंजनच्या बाबाले विचारलं तं ते नुसते गालात हसते.

बंद पडला तं तसं कळवीन, अन् तुम्ही खुशाल घेऊन जाजा. तोपर्यंत माया पातळ करू नका.

तुमची,
तानाबाई


सिंदी मेघे
दि. १२ सप्टेंबर २०२४

प्रिय तानाबाई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या पत्रावर मले भरोसा वाटला नाई. ढग आमच्याकडेही होतेच. म्हणून रविवारी न सांगता तुमच्या जावयाच्या, अंकितच्या गाडीवर आली. ही रिकामी बॅग कायची अन् तुम्ही चूप काऊन, असं तुम्ही विचारलं, तं मी म्हटलं गाडी लागली. खोटं बोलली. बॅग बाळाचे कपडे भरायले आणली होती.

नाल्यापाशी आलो तं टोली सगळी काळी. एकच खिडकी पिवळी, तुमची. माहा संताप झाला. मनात आलं, वा गं समितीवाली! नियम लोकायले, अन् उजेड स्वतःच्या घरी.

पहिल्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते, नत्थूजी. मी विचारलं, लाईट गेली काय. त्यायनं मले ओळखलं नाई. म्हणाले, लाईट आहे ना बाई, पण आमची पोरगी निजली आहे.

मग हळू आवाजात सांगितलं. ढग आले तसं एकानं आपलं बटण बंद केलं, मग शेजाऱ्यानं, मग सगळ्यायनं. दिवस आहे तोवरच सैपाक करायचा, जेवायचं, अन् बॅटरीत असेल नसेल ते गुंजनच्या पंख्याले राहू द्यायचं. तुम्हाले सांगू नका म्हणून त्यायनं मले बजावलं, कारण ताना लगेच मीटिंग लावून नियम वाचून दाखवेल. अन् मी सांगूनच राह्यली!

मी तिथंच ओट्यावर बसली. आंगणाआंगणात माणसं होती, दिसत नव्हती. कुठं बांगडी वाजे, कुठं कोणी खोकलं दाबे. सारे त्या खिडकीकडे पाहत होते. अंकित चल म्हणे, मी थांब म्हणे. किती वेळ बसली, ठाऊक नाई. माह्या नातीले एवढे आजी-आजोबा आहे, हे मले कुठं माहीत होतं! डोळे पुसूनच तुमच्या दारात आली.

सव्वा महिना झाला तरी पाठवायची घाई करू नका.

काल सांजेले मी इथले सगळे दिवे बंद केले अन् पायरीवर बसली. अंकित ड्युटीवरून आला, म्हणाला, आई, लाईट गेली काय? मी म्हटलं, नाई रे, पोरगी निजली आहे.

टोलीतल्या सगळ्यायले जयभीम. लोभ असाच राहू द्या, मले त्याची सवय लागली.

तुमचीच,
जिजा