कपाळावरचा लाल पट्टा

पप्पा, तुमचा हात मला आधी आठवतो, चेहरा मागून येतो. तळोज्याच्या रंगाच्या कंपनीत तुम्ही लाल पावडरीच्या खात्यात होता आणि ती पावडर साबण, लिंबू, ब्लीचिंग कशालाच दाद द्यायची नाही. शिफ्ट सुटल्यावर तुम्ही कंपनीतच घासूनपुसून अंघोळ करायचा, तरी पनवेलच्या नाक्यावर बसमधून उतरून घरापर्यंत चालत येईतो घाम यायचा आणि तो घामसुद्धा गुलाबी असायचा. उजव्या हाताने कपाळ पुसायची तुमची सवय, त्यामुळे कपाळावर रोजच्या रोज एक आडवा लाल पट्टा. आई तुमच्या उशीचे अभ्रे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वैतागून म्हणायची, "या घरात बारा महिने धुळवड आहे." तुम्ही हसायचा. मीही हसायचे, चौथीत जाईपर्यंत.

चौथीच्या वर्षी आपल्या चर्चच्या आवारात तीन दिवसांच्या संजीवन सभा भरल्या. बाहेरगावाहून एक वक्ते आले होते. त्यांनी येताना एक भलामोठा कापडी पडदा आणला होता आणि त्यावर पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, शेवटचं पुस्तक चितारलेलं होतं. समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं श्वापद, तांबडा अजगर, सूर्य पांघरलेली बाई, गोणपाट नेसलेले दोन साक्षीदार. वक्त्यांच्या हातात लांब छडी. एकेका डोक्यावर छडी टेकवून ते सांगत होते की हे डोकं म्हणजे अमुक देश, हे शिंग म्हणजे तमुक पुढारी. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर बसलो होतो, आ वासून. मग ते म्हणाले की श्वापदाची माणसं ओळखायला सोपी असतात, त्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण असते आणि ती खूण काही केल्या निघत नाही. पप्पा, मला अजून आठवतंय. बाकीच्यांना पडद्यावरचं श्वापद दिसत होतं. मला आपल्या मोरीतली बादली दिसत होती.

घरी कुणाला विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं तर ती तुम्हाला सांगणार, आणि तुम्हाला कळलं की मला कळलंय, तर मग काय होईल याची भीती. तेव्हा मी माझ्या अकलेने वागायला लागले. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, तर मी आधीच चादर ओढून झोपेचं सोंग घ्यायचे. रविवारी उपासनेहून येताना तुम्ही बाजारातून बोंबील आणून स्वतः साफ करायचा, तर मी पोट दुखतंय म्हणून नुसता वरणभात खायचे. बोंबलाची मी किती हावरट होते ते तुम्हाला माहीत. आईने दोनदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि जंताचं औषध पाजलं. तुम्ही मात्र तुमच्या ताटातला गाबोळीचा, माशाच्या अंड्यांचा, तुकडा बाजूला काढून माझ्यासाठी झाकून ठेवलात.

आणि मग ती दुपार. तुम्ही तिसरी पाळी करून आला होता आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली उताणे झोपला होता. आई दळण आणायला गेली होती. तुमच्या कपाळावर पट्टा आहे. मी बशीत लिंबाची फोड घेते, टॉवेलचं टोक ओलं करते, त्यावर कपड्यांची पावडर घेते आणि तुमच्या उशाशी बसून हलक्या हाताने घासायला लागते. मनात म्हणते, प्रभू, एवढं निघू दे, बाकी मी काही मागणार नाही. थोडं निघतंय असं वाटतं. टॉवेल गुलाबी होतो. कपाळ आहे तसंच. मी आणखी जोर लावते आणि तुम्ही डोळे उघडता.

"काय करती गं?"

"ताप बघत होते," मी म्हणाले. कशी काय ती थाप तोंडात आली, देव जाणे. "तुमचं अंग गरम लागलं. म्हणून पाण्याची पट्टी."

तुम्ही उठून बसला नाहीत, रागावला नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिलात आणि तुमचे डोळे भरले. बशीतल्या लिंबाकडे तुमचं लक्ष गेलं असेल की नाही, मला आजही सांगता येणार नाही. "ठेव अजून थोडा वेळ," म्हणालात, आणि पुन्हा डोळे मिटले. मी टॉवेल धुऊन आणला आणि खरोखरची पट्टी ठेवत बसले. संध्याकाळी आईला तुम्ही हे सांगितलंत, मग पाळकसाहेबांना सांगितलंत, मग दिसेल त्याला सांगत सुटलात.

भीती एका दिवसात गेली नाही, हळूहळू विरली. तुम्ही तसेच होता, तेवढेच हसत होता, माझ्या वह्यांना कव्हरं घालत होता. श्वापदाचा माणूस वहीला कव्हर घालत बसेल का, असा माझा हिशेब. सहावीत असताना धीर करून मी विचारलं होतं. तुम्ही मोरीत बोंबील साफ करत होता.

"पप्पा, श्वापद म्हणजे कोण?"

"तिथं नाव घातलंय का? न्हाई ना. घालायचं असतं तर घातलं नसतं का? त्या दोन साक्षीदारांचं बी नाव न्हाई. काय केलं तेवढं लिवलंय, तेवढंच बघायचं." मग पाण्याचा तांब्या ओतत तुम्हीच पुढे म्हणालात, "वक्ते लोकांचं काय, दरसाली नवं श्वापद. गेल्या खेपेचं निवडणुकीत पडलं वाटतं." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "एक ध्यानात ठिव. जो दुसऱ्याच्या कपाळावर खूण हुडकत फिरतो ना, त्याच्यापासून लांब राहायचं." तुम्ही ते वक्त्यांना उद्देशून म्हणत होता. पण तेवढी बोलणी मला आयुष्यात कुणाची बसली नाहीत. मी गुपचूप बोंबील उचलून आत नेले आणि त्या दिवशी पाच खाल्ले.

मी बारावीत असताना तुमचं हृदय अचानक थांबलं. त्याआधी दोन वर्षं तुम्हाला पॅकिंगला टाकलं होतं, त्यामुळे रंग गेला होता. पेटीत ठेवलं तेव्हा तुमचे हात पांढरे, धुतल्यासारखे, कुणा परक्याचे असावेत असे दिसत होते. मी ते उलटेसुलटे करून बघितले. उजव्या करंगळीच्या नखाच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. ती सापडली तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. तुमच्या पाळीतले उरणकडचे काका आले होते, ते जवळ आले आणि मला म्हणाले, "रडू नको पोरी. तुजा बापूस कॅन्टीनला बसला का एकच गोष्ट सांगायचा. माजी पोर चौथीत हाय, मी निजलो तर कपालावर पानी लावीत बसते. आमाला पाठ झालेली." मी मान हलवली. खरं सांगायची ती वेळ नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्याआधी आठ वर्षं वेळच वेळ होती, तेव्हा कुठे सांगितलं होतं?

आता त्यालाही नऊ वर्षं झाली. मी आपल्याच चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवते, तुम्हाला ऐकून गंमत वाटेल. आज धड्यानंतर एक मुलगी मागे थांबली. आठनऊ वर्षांची असेल. खाली बघत म्हणाली, "टीचर, माझ्या पप्पांनी उजव्या हातावर गोंदलंय. आजीचं नाव. ते श्वापदाचे आहेत का?" कुणीतरी तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. पडदा गेला, छडी गेली, बाकी सगळं तेच. मी तिला शेजारी बसवून तेच पुस्तक उघडलं आणि काही पानं मागे जाऊन दाखवलं की श्वापदाच्या खुणेच्या कितीतरी आधी देव स्वतःच्या माणसांच्या कपाळावर शिक्का मारून घेतो. खूण दोघांचीही असते, तेव्हा नुसत्या खुणेवरून कुणाला ओळखायला जाऊ नये. मग विचारलं, "पप्पा तुझ्यासाठी काय काय करतात?" ती बोलायला लागली ती थांबेना. सायकल धरतात, वेणी घालतात पण वाकडी घालतात. तिला हे सांगायला मी होते. मला सांगायला तुम्ही होता, फक्त मी तेव्हा विचारलं नाही.

आणि एक गोष्ट वर लिहायची मी टाळली. संजीवन सभेच्या तिसऱ्या दिवशी वक्त्यांनी विचारलं होतं, तुमच्या घरातलंच कुणी श्वापदाचं निघालं, तर त्याला मागे सोडून प्रभूबरोबर कोण कोण येईल? हात वर करा. पोरांमध्ये पहिला हात माझा वर गेला. वक्ते "शाब्बास" म्हणाले. मी मागे वळून पाहिलं तर मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ तुम्ही उभे होता, पाळीवरून थेट आलेले, कपाळावर पट्टा, आणि तुमचा तो लाल हात डोक्याच्याही वर गेलेला. घरी चालत येताना मी विचारलं, तुम्ही का हात वर केलात? तुम्ही म्हणालात, "तू केला म्हणून. म्हटलं, पोरगी एकटी नको जायला."

मला त्या दिवशी एकटीलाच जायचं होतं, पप्पा. मी तुम्हालाच सोडायला हात वर केला होता.